तोच चौकोन, पुन्हा एकदा

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरात मंडपाच्या मधोमध उभं राहून मान वर केली, की दगडात कोरलेलं कमळ छतातून खाली उतरताना दिसतं. पाकळीशेजारी पाकळी, एका वलयाखाली दुसरं वलय. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, 1204 साली, त्याचा मंत्री बिचिराज यानं ही बस्ती बांधवली. पाहुणे आले की आपण त्यांना हौसेनं तिथे नेतो. तेही वर बघत राहतात. 'या कारागिरानं एकच पाकळी इतक्यांदा कोरली, दुसरं काही सुचलं नाही वाटतं याला' असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

याच पाहुण्यांना नंतर आपण घरी आणतो. ते येणार म्हणून सकाळीच सोप्यातल्या बाजेवरची वाकळ उचलून आत टाकलेली असते आणि तिथे दुकानातली फुलाफुलांची चादर अंथरलेली असते. त्या वाकळेतही चौकोनात चौकोन असतात, तोच टाका हजारांनी घातलेला असतो, रंगांची फेर धरून ये-जा असते. पण ती पाहुण्यांना दाखवायची वस्तू नसते. दगडातली पुनरावृत्ती ही कला आणि कापडातली पुनरावृत्ती हे बायकांचं रिकाम्या वेळचं काम, अशी वाटणी आपण कधीतरी करून टाकली आणि ती तशीच पुढे चालू राहिली.

ही वाटणी चुकीची आहे, आणि ती निव्वळ घरगुती आवडीनिवडीची बाब राहिलेली नाही, असं माझं म्हणणं आहे. केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत जानेवारी 2016 मध्ये पहिली वीस शहरं निवडली गेली, त्यांत बेळगाव होतं. तेव्हापासून 'सुशोभीकरण' हा शब्द या भागात रोजच्या बोलण्यात आला आहे. भिंती रंगतात, चौक सजतात, उद्यानांच्या कमानी उभ्या राहतात. सार्वजनिक पैशानं सार्वजनिक जागी काय काढायचं हे कुणीतरी ठरवतं, आणि ठरवणाऱ्याच्या मनात 'चित्र' म्हणजे चेहरा, पक्षी, झाड, किल्ला, घोड्यावरचा वीर असंच असतं. नक्षी आलीच तर कडेला येते, चौकटीपुरती. इकडे शाळांमध्ये मुलांना नक्षीकाम शिकवलं जातं, त्याला गुणही असतात, पण तिथेही नक्षीचा जीव कशात आहे हे सांगितलं जात नाही. या दोन्ही ठिकाणी वाकळेकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

आधी वाकळ नीट पाहू. खाली खानापूरपासून वर निपाणी-चिकोडीपर्यंत मराठी घरांत वाकळ किंवा गोधडी म्हणतात, कन्नड घरांत कौदी; वस्तू तीच. आमच्या घरात मामीनं शिवलेली एक आहे. वरची बाहेरची पट्टी इरकलच्या काठाची, धुऊन धुऊन फिकट झालेली डाळिंबी. तिच्या आत खणाच्या चोळ्यांचे तुकडे, हाताच्या पंजाएवढे, एक आड एक गडद आणि फिका. त्याच्या आत जुनेराची हिरवी पट्टी. ही हिरवी पट्टी तीन बाजूंना गेली आणि चौथ्या बाजूला मध्यावर संपली. तिथून पुढे निळं कापड आहे. नीट पाहिलं तर आतल्या पुढच्या फेरीत बरोबर समोरच्या बाजूला, त्याच लांबीचा निळा तुकडा पुन्हा येतो. तिथे हिरवं संपलेलं नव्हतं. हिरवं त्याच फेरीत दोन ठिकाणी वापरलेलं दिसतं. म्हणजे पहिलं निळं अडचणीतून आलं आणि दुसरं ठरवून. मामीला विचारलं तर तिनं सुई न थांबवता सांगितलं, "एकच लावलं असतं तर ठिगळ दिसलं असतं रे."

नक्षी कशी जन्माला येते याचं याहून चांगलं उत्तर मला कुठल्या कलावर्गात मिळालेलं नाही. एकदा घडतं ते अपघातासारखं दिसतं. तेच पुन्हा घडवलं की पहिल्या वेळेलाही अर्थ येतो.

टाक्याचंही तसंच. थर एकावर एक अंथरायचे, मोठे कच्चे टाके घालून ते एकमेकांना धरवायचे, मग कडेनं धावदोरा सुरू करायचा. सुईवर पाच-सहा टाके चढवायचे, दोरा ओढायचा, तळहातानं कापड पुढे सारून फुगवटा काढायचा, पुन्हा पाच-सहा. कोपरा आला की वळायचं. एक फेरी झाली की बोटभर आत सरकून दुसरी. मोजपट्टी लागत नाही, बोट असतं. म्हणून प्रत्येक बाईची वाकळ तिच्या बोटाएवढ्या अंतराची होते. आणि दोघी-तिघी चार बाजूंनी बसल्या तर एकाच वाकळेत तीन हात ओळखू येतात: एकीचे टाके ज्वारीच्या दाण्याएवढे, दुसरीचे तांदळासारखे लांबट, तिसरीची ओळ कोपऱ्याजवळ आली की जरा घाई करणारी. वाकळ उलटी करा. मागच्या साध्या अस्तरावर रंग नाही, तुकडे नाहीत. फक्त दोऱ्याच्या रेघा, चौकोनात चौकोन, मध्यापर्यंत. पुढची बाजू चांगली का मागची, असं कुणी विचारलं तर मी मागची म्हणेन. तिथे कापडाच्या रंगाची मदत नाही. फक्त हात आहे.

खानापूर ओलांडून खाली उत्तर कन्नड जिल्ह्यात गेलं, की हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्टीत सिद्दी वस्त्या लागतात. आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आणलेल्या, त्यातले बरेच गोव्यात पोर्तुगीजांच्या गुलामीत राहिलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्या बायका कवंदी शिवतात, तीही बाहेरून आत. आधी कडेचे तुकडे, मग त्याच्या आतले, असं फिरत फिरत मध्यात येऊन काम संपतं. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांचे त्रिकोणी तुरे लावतात, त्यांना फुला म्हणतात. ते नसले तर कवंदी उघडीनागडी मानतात. अंथरुणाच्या कोपऱ्यावर तुऱ्याचा उपयोग शून्य. ऊब वाढत नाही, कापड टिकत नाही. तरी ते हवेतच. हेन्री ड्रुवाल या अमेरिकी अभ्यासकानं या कवंद्यांवर काम केल्यावर त्या परदेशातल्या दालनांपर्यंत गेल्या. बेळगावहून हल्याळ दोन-अडीच तासांच्या आत. आपल्यापैकी किती जण केवळ कवंदी बघायला तिकडे गेले असतील?

'तेच ते' या शब्दांत आपण तक्रार करतो. तेच ते जेवण, तेच ते भाषण. पण हाच प्रदेश कानाच्या बाबतीत अगदी वेगळा वागतो, हे मला नेहमी नवलाचं वाटत आलं आहे. बेळगाव-धारवाड-हुबळीच्या पट्ट्यानं मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी दिले. कुमार गंधर्व 1924 साली जन्मले ते बेळगावजवळच्या सुळेभावीत. इथला रसिक विलंबित एकतालाचा ख्याल ऐकायला बसतो तेव्हा नेमकं काय ऐकतो? बारा मात्रांचं एक आवर्तन, जे पुरं व्हायला कधी कधी जवळजवळ मिनिट लागतं. ते संपलं की पुन्हा तेच. बंदिशीचा तोच मुखडा, तीच सम. तासभर. आणि समेवर येताना दर वेळी सभागृहातल्या माना हलतात, कारण या वेळी गवई कुठून फिरून आला हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आवर्तन पक्कं असतं म्हणूनच फरक ऐकू येतो. ठेका दर वेळी बदलला असता तर गायकानं काय केलं ते कुणाला कळलंच नसतं.

ज्या माणसाचा कान इतका तयार, त्याचा डोळा मात्र वाकळेपाशी म्हणतो, 'यात काय, चौकोनच आहेत.' डोळ्याला ही तालीम कुणी दिली नाही, एवढंच याचं कारण. वाकळ बघायची ती ख्यालासारखी: कडेपासून सुरू करायची, एक एक फेरी फिरायची, कुठे रंग परत आला, कुठे यायला हवा होता आणि आला नाही, कुठे बाईनं मुद्दाम वाट बघायला लावली, ते टिपत मध्यावर यायचं. पाच मिनिटं लागतात. भिंतीवरच्या किती चित्रांसमोर आपण पाच मिनिटं उभे राहतो?

शाळेत ही तालीम मिळेल असं वाटावं, तर तिथे गोष्ट भलतीच आहे. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांत संकल्पचित्राचा स्वतंत्र पेपर असतो. कर्नाटकात लोअर आणि हायर ग्रेडच्या परीक्षा आहेत. सीमाभागातली कितीतरी घरं अशी आहेत, जिथे एका भावाची मुलं इकडची परीक्षा देतात आणि दुसऱ्याची तिकडची. नक्षीची पद्धत मात्र दोन्हीकडे मला तीच दिसली. चौकोन घ्या, त्याचे चार भाग करा. एका भागात वेलबुट्टी काढा. ती ट्रेसिंग पेपरवर उतरवा, कागद उलटा करा, नखानं घासा, उरलेल्या तीन भागांत तीच उमटवा. मग रंग, तेही चारी भागांत सारखे. बाहेर रंग सांडला तर गुण कापले जातात.

म्हणजे विचार पाव भागाचा, बाकी पाऊण भाग नक्कल. मूल त्या पाऊण भागात कंटाळतं, आणि त्याला वाटतं की पुनरावृत्ती म्हणजे हा कंटाळा. त्याचा दोष नाही. त्याला पुनरावृत्ती शिकवलीच गेली नाही. फक्त छापायला शिकवलं गेलं. वाकळ शिवणारी बाई चौथ्या कोपऱ्याशी पोचते तेव्हा तिथे कागद घासलेला नसतो. पहिल्या कोपऱ्यात काय केलं ते तिला दिसत असतं, हातात शिल्लक काय ते माहीत असतं, आणि त्या दोन्हींचा मेळ बघून ती त्या क्षणी ठरवते. चारी कोपरे सारखे वाटतात, पण तिनं ते चार वेळा ठरवलेले असतात.

चित्रकलेच्या तासाला हे करणं काही अवघड नाही. वर्गात शिंप्याकडच्या चिंध्यांची एक पिशवी आणायची. बेळगावात शहापूर, खासबाग, वडगाव म्हणजे मागांचा भाग; तिथे कापडाच्या तुकड्यांना तोटा कसला. प्रत्येक मुलाला मूठभर तुकडे, पाच रंगांपेक्षा जास्त नकोत, आणि एकच नियम: चौकोनात चौकोन, बाहेरून आत, प्रत्येक रंग किमान दोनदा आला पाहिजे. तुकडे बदलून मागायचे नाहीत. डिंकानं कागदावर चिकटवायचे. चाळीस मुलांचे चाळीस चौकोन एका भिंतीवर लावले, की नियम एकच असून दोन चौकोन सारखे निघणार नाहीत. मग शिक्षकांनी फक्त विचारायचं: याचा पिवळा इथे का परत आला? मूल उत्तर देईल. कदाचित ते 'दुसरं उरलंच नव्हतं' असं असेल. तेही खरं उत्तर आहे आणि त्याला पूर्ण गुण द्यावेत.

एकसारखेपणा वेगळा आणि पुनरावृत्ती वेगळी, हे समजायला अमेरिकेतलं एक उदाहरण उपयोगी पडतं. अलाबामा राज्यात नदीच्या वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. एके काळी कापसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबलेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांची. तिथल्या बायका जुन्या कामाच्या कपड्यांच्या, डेनिमच्या, पिठाच्या पोत्यांच्या गोधड्या शिवत आल्या. त्यांच्या एका नेहमीच्या रचनेचं नाव 'हाउसटॉप': चौकोनाभोवती चौकोन, वरून दिसणाऱ्या घराच्या छपरासारखे. तिचं छायाचित्र मी मामीला दाखवलं तर ती 'ही कुणाची?' एवढंच विचारेल, 'हे काय?' असं नाही. 1966 साली त्या परिसरात फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था निघाली आणि 1972 साली तिला सीअर्स या मोठ्या दुकानसाखळीकडून कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे शिवायचं काम मिळालं. प्रत्येक अभ्रा नमुन्याबरहुकूम, मापात तसूभर फरक चालणार नाही, असं ते काम. त्यातून उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे बायकांनी घरी नेले आणि त्याच्या गोधड्या केल्या. हात तेच, कापड तेच. दिवसा सारखे अभ्रे, घरी एकमेकींशी न जुळणाऱ्या गोधड्या. 2002 साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या लागल्या, तेव्हा लोकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली. व्हिटनीनं त्याआधी 1971 मध्येही अमेरिकी गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या होत्या. त्या वेळी शिवणाऱ्या बहुतेक जणी निनावीच राहिल्या. जीज बेंडच्या वेळी नावं होती. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, पुढे त्याकडे येतोच.

आपल्याकडे त्या अभ्र्यांची भावंडं बाजारात ढिगानं आली आहेत. 'पॅचवर्क' नावाची चादर घ्या. तुकडे तुकडे जोडल्यासारखी दिसते, पण एकच सलग पॉलिस्टर, वर तुकडे छापलेले. इतकंच काय, टाकेही छापलेले असतात. छापील टाका! तिथे एक ठिपकेदार चौकोन दर हातभर अंतरावर येतो, कारण रोलर तेवढा फिरला. कुणी काही ठरवलेलं नाही. अशी चादर अंथरून 'आमच्याकडेही पारंपरिक आहे हो' म्हणणाऱ्यांना मी काही बोलत नाही. चादर त्यांची, पलंग त्यांचा. पण सार्वजनिक भिंतीवर असलं काही आलं, तर बोलायला हवं.

यावर एक आक्षेप रास्त आहे आणि तो कुणी घ्यायच्या आत मीच मांडतो. वाकळ ही गरजेतून आली. नवं पांघरूण परवडत नव्हतं म्हणून जुनेरं जोडली. उन्हाळ्यात शेतीची कामं उरकली की दुपारभर ओणवं बसून, डोळे ताणून, सुईनं बोटं सोलून ती शिवली गेली. ज्या बायकांनी ती शिवली त्यांच्या मुलींनी हातात चार पैसे आल्याबरोबर पानिपतची ब्लँकेटं घेतली, आणि बरं केलं. वजनाला हलकी, धुवायला सोपी, लवकर वाळतात. बेळगावच्या पावसाळ्यात भिजलेली वाकळ वाळवून दाखवा म्हणावं कुणा कलाप्रेमीला. शिवाय साड्याही बदलल्या. सिंथेटिक साडीत दोरा सरकतो, थर धरत नाहीत, घाम टिपला जात नाही. तेव्हा 'बायकांनी पुन्हा वाकळा शिवाव्यात' हे मी म्हणणार नाही, आणि जो म्हणेल त्यानं आधी स्वतः एक शिवून दाखवावी.

पण गरिबीतून आली म्हणून तिच्यातली निवड खोटी ठरत नाही. हिरवं संपणं ही गरिबी. समोरच्या बाजूला निळं परत आणणं ही गरिबी नाही. त्यावाचून ऊब कमी झाली नसती. सिद्द्यांच्या फुलाही तशाच. जे गरजेपुरतं होतं ते संपलं, तर संपू दे. जे गरजेपलीकडचं होतं ते दुसरीकडे कुठे नेता येईल का, हा प्रश्न आहे.

नेता येतं, हे एका ठिकाणी करून दाखवलेलं आहे. अमेरिकेतच, ओहायो राज्यातल्या अ‍ॅडम्स काउंटीत, डोना सू ग्रोव्ह्ज या बाईंची आई गोधड्या शिवायची. आईच्या सन्मानार्थ आपल्या शेतावरच्या धान्याच्या कोठारावर गोधडीतला एक मोठा चौकोन रंगवावा असं त्यांच्या मनात होतं. 2001 साली त्यातून सगळ्या तालुक्याचाच उपक्रम उभा राहिला: वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या कोठारांवर असे वीस चौकोन, साधारण आठ बाय आठ फुटांचे. मग ते लोण राज्याराज्यांत गेलं, कॅनडातही पोचलं. मला यातली गंमत अशी वाटते की एका कोठारावर एकच चौकोन असतो. तिथे पुनरावृत्ती नाहीच. ती रस्त्यावर आहे. गाडी चालते, एक कोठार मागे पडतं, दोन मैलांवर दुसरं येतं, आणि मधल्या शेतांसकट ती एक लांबच लांब गोधडी होते.

आता आपला बेळगाव-वेंगुर्ला रस्ता डोळ्यांसमोर आणा. हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची, आणि बाची संपलं की शिनोळी, म्हणजे कोल्हापूर जिल्हा, चंदगड तालुका. 1 नोव्हेंबर 1956 पासून मध्ये राज्याची हद्द आहे. दुकानांच्या पाट्या बदलतात, एसटीचा रंग बदलतो. पाट्यांवर कुठली अक्षरं किती मोठी असावीत यावर या भागात डोकी फुटली आहेत आणि तो वाद इथे उकरून काढण्यात मला रस नाही. पण या रस्त्यावर दोन्हीकडे बसथांब्यांचे निवारे आहेत, आणि त्यांच्या भिंतींवर आजमितीला काय असतं? कोचिंग क्लासच्या जाहिराती, वाढदिवसाच्या शुभेच्छा, पानाच्या पिचकाऱ्या. प्रत्येक निवाऱ्यावर त्या गावातल्या एका वाकळेचा चौकोन रंगवला तर? बाचीच्या निवाऱ्यावर बाचीचा, शिनोळीच्या निवाऱ्यावर शिनोळीचा. लेकी इकडून तिकडे दिलेल्या, सुना तिकडून इकडे आलेल्या. नमुने एकमेकांत मिसळलेलेच असणार. हाच प्रयोग बैलहोंगलच्या रस्त्यावर कन्नड गावांतल्या कौद्यांचा करता येईल. मराठीचा रस्ता आणि कन्नडचा रस्ता अशी वाटणी करायची कुणाला हौस असेल, तर चौकोन बघून गाव ओळखून दाखवावं.

फक्त अटी हव्यात. हे काम टेंडर काढून एका ठेकेदाराला दिलं, तर तो एक स्टेन्सिल कापेल आणि पन्नास निवाऱ्यांवर तोच चौकोन मारेल, रंगही तेच दोन, जे स्वस्त मिळाले. म्हणजे पुन्हा सीअर्सचा अभ्रा. तेव्हा नियम एक, निवड गावाची: चौकोनात चौकोन, चार रंग, रचना त्या गावातल्या वाकळ शिवणाऱ्या बायकांनी बसून ठरवलेली. रंगवणारा पेंटर कुणीही असो, पण ठरवणारीला रोजगार मिळाला पाहिजे, पेंटरइतकाच. 'आक्का, तुमची वाकळ फारच छान हो' म्हणून चहावर बोळवण नको. आणि चौकोनाच्या खाली तिचं नाव, तिला हव्या त्या लिपीत. ज्यानं निवारा बांधायला निधी दिला त्याचं नाव कसं हातभर उंचीच्या अक्षरांत असतंच ना?

कुणी म्हणेल, कापडाची मऊ वस्तू भिंतीवर नेली की ती वाकळ राहतच नाही. खरं आहे. टाके गेले, स्पर्श गेला, अंगावर घेतल्यावरचं वजन गेलं. मला त्याहून जास्त धास्ती वेगळीच वाटते. वाकळेत नक्षी अडचणीतून येते आणि रंगाच्या डब्याला अडचण नसते. हिरवं संपलं तर नवा डबा येतो. म्हणून चार रंगांची अट मी आग्रहानं घातली, आणि आणखी एक घालीन: रंग मोजूनच द्यायचा. एखाद्या निवाऱ्यावर चौथ्या बाजूला हिरवं संपलं, तर पेंटरनं गावातल्या त्या बाईकडेच जावं आणि विचारावं. तिला उत्तर माहीत असेल.

राहता राहिला पाऊस. बेळगावच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, पाऊस असा कोसळतो की बाहेरच्या भिंतीवरचा साधा डिस्टेंपर दोन मोसमांत ओघळून जाईल आणि लोक म्हणतील, बघा, पैसे पाण्यात. रंग ऑइलपेंटच हवा आणि तो आतल्या भिंतीवर हवा, बाकाच्या समोर किंवा बाजूला. तिथे छप्पर आहे, आणि बस वेळेवर आली नाही तर माणसं तिथे पाऊण तास बसलेली असतात. वाकळा पेट्यांतून बाहेर काढून उन्हाला घालतात ते होळीनंतर, तेव्हा त्या अंगणाअंगणांत, कुडांवर, भिंतींवर सगळ्यांना दिसतात. नमुने निवडायचे असतील तर तेव्हाच गावात फिरावं. रंगकाम दिवाळीनंतर काढावं, भिंती सुकल्या की.